आगीचा जुना बंब विकत घ्यायचाय म्हणतोस, तर आधी हे वाच

तू पाठवलेली जाहिरात दोनदा वाचली आणि फोटो मोठे करकरून बघितले. १९५५ ची बेडफर्ड ग्रीन गॉडेस (ब्रिटिश सरकारचा जुना हिरवा बंब), फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर, सरकारी लिलावानंतर एकच खासगी मालक, इंग्लंडातल्या लिंकनशरमध्ये शेतावरच्या शेडमध्ये उभी, फक्त ४,३०० मैल, बटन दाबलं की चालू, पंप अलीकडे टेस्ट केलेला नाही, ६,५०० पौंड. आणि तुझं म्हणणं असं की काका, सत्तर वर्षांत ४,३०० मैल म्हणजे शोरूममधून काढल्यासारखीच की, आम्ही चौघं मिळून घेतो, लेस्टरच्या गणपतीच्या मिरवणुकीत काढतो आणि पुढंमागं साताऱ्याला गावी नेतो, तर काय बघून घ्यावी.

मी गेली २६ वर्षं कॉव्हेंट्रीजवळ जड गाड्यांच्या गॅरेजात काम करतोय, त्यात चार ग्रीन गॉडेस हातून गेल्या आणि एकीत माझा स्वतःचा निम्मा हिस्सा होता (त्याची रडकथा पुढं येईल), त्यामुळं हे जरा लांबणार आहे, चहा घेऊन बस.

ते ४,३०० मैल आधी डोक्यातून काढून टाक. मोटारीचा हिशोब बंबाला लागत नाही. बंब जातो चार मैल आणि मग जागेवर उभा राहून तासन् तास पंप ओढतो, इंजिन पूर्ण जोरात आणि मैलाचा काटा ढिम्म. म्हणजे काम झालं असलं तरी मीटरवर दिसत नाही. आणि काम झालंच नसेल तर ते जास्त वाईट, कारण मग ती गाडी नुसती उभी होती, आणि उभ्या गाडीचं रबर, सील, ब्रेकचे सिलिंडर, पेट्रोलची टाकी सगळं बसल्या जागी मरतं. आपल्याकडं म्हशीला सुद्धा रोज फिरवून आणतात, इथं तर आठ-नऊ टनांचं धूड आहे.

ग्रीन गॉडेस तर उभं राहण्यासाठीच जन्माला आली. १९५३ ते ५६ च्या दरम्यान ब्रिटिश सरकारनं या गाड्या ऑक्झिलरी फायर सर्व्हिससाठी, म्हणजे राखीव अग्निशमन दलासाठी, बनवून घेतल्या, अणुबॉम्ब पडला तर शहरातल्या पाण्याच्या लाइनी फुटतील, मग लांबच्या नदीतनं नाहीतर तळ्यातनं एका बंबातून दुसऱ्यात असं टप्प्याटप्प्यानं पाणी शहरात आणायचं, हा हिशोब. बॉम्ब काही पडला नाही, १९६८ ला ती सर्व्हिसच बंद झाली आणि गाड्या गोदामात गेल्या. नंतर १९७७ च्या फायरमनच्या संपात आणि परत २००२ च्या संपात लष्करानं त्या बाहेर काढल्या, मधे पूर, दुष्काळ आला की पाणी ओढायला काढायचे, बाकी आयुष्य गोदामात. २००४ चा नवा फायर अँड रेस्क्यू कायदा आल्यावर सरकारनं त्या विकायला काढल्या, बऱ्याच आफ्रिकेत गेल्या, काही अशा शेतकऱ्यांच्या शेडमध्ये. तेव्हा कमी मैल सगळ्याच ग्रीन गॉडेसना असतात, त्यासाठी जादा पैसे मोजायचे नाहीत.

आता पंप. तिच्या मागच्या बाजूला सिग्मंड कंपनीचा मोठा सेंट्रिफ्यूगल (फिरत्या चक्रानं पाणी फेकणारा) पंप असतो, मिनिटाला सुमारे ९०० गॅलन, म्हणजे चार हजार लिटरच्या वर. आपल्याकडचा दहा हजार लिटरचा टँकर अडीच मिनिटांत रिकामा. आणि गंमत बघ, या फोर बाय फोर गाडीची स्वतःची टाकी ३०० गॅलनची, म्हणजे पूर्ण जोरात सोडलं तर २० सेकंदांत संपली! टाकी फक्त पोचल्या पोचल्या पहिला फवारा मारायला, खरं काम बाहेरचं पाणी ओढायचं. म्हणून "टाकी भरून नळी मारून दाखवतो" असं तो विकणारा म्हातारा म्हणाला तर खूश होऊ नकोस, टाकीतलं पाणी आपसूक पंपात उतरतं, त्यात पंपाची परीक्षाच होत नाही. तळ्यातनं ओढून दाखवा म्हणायचं.

हे तुला शेतीच्या भाषेत सांगतो. आमच्या पंचगंगेच्या काठावर आजोबांचं ऑइल इंजिन होतं, फूटबॉल (पाइपच्या खालच्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह, पाणी परत जाऊ न देणारा) गळायला लागला की पंप हवा धरायचा, मग आम्ही पोरं बादलीनं वरनं पाणी ओतायचो आणि आजोबा सक्शनच्या, म्हणजे पाणी ओढायच्या पाइपच्या, जॉइंटला शेणमाती थापायचे. सेंट्रिफ्यूगल पंप स्वतःहून हवा ओढू शकत नाही, आधी आतली हवा काढावी लागते, त्यासाठी बंबावर प्रायमर असतो, बादलीच्या ऐवजी. हवा काढली की बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो, आणि तो पुस्तकात दहा मीटरच्या आसपास ढकलतो पण प्रत्यक्षात सात मीटरच्या पुढं गेलास की मारामार. कुठं टाचणीएवढं भोक असलं तरी पंप हवा धरणार.

म्हणून पहिली टेस्ट कोरडी. सगळे व्हॉल्व्ह बंद, सक्शनच्या तोंडाला टोपण घट्ट, प्रायमर लावायचा आणि व्हॅक्यूमच्या घड्याळाकडं बघत बसायचं. काटा (पाऱ्याच्या) २४ इंचाच्या आसपास गेला पाहिजे, मग प्रायमर बंद करायचा आणि मोबाइलवर एक मिनिट लावायचं. काटा जागेवर राहिला नाहीतर अगदी हळू उतरला तर पंप जिवंत आहे. सर्रकन खाली आला तर कान लावून ऐक, कुठनं तरी सुस्कारा ऐकू येतो. तो टोपणाच्या वॉशरमधनं येत असेल तर पाच पौंडाचं काम, शाफ्टच्या ग्लँडमधनं (शाफ्ट बाहेर येतो तिथं दोरी भरून केलेलं सील) येत असेल तर ती दोरी बदलायची, ते पण घरी जमतं. पण पंपाच्या कवचातनंच येत असेल तर चहा पिऊन नमस्कार करायचा आणि घरी यायचं.

कवचाला चीर कशानं जाते हे मी पैसे घालवून शिकलो. माझी अर्धी गाडी होती ना, ती आम्ही २०१० च्या सप्टेंबरात एका मेळाव्याला नेली, तळ्यातनं पाणी उडवलं, पोरं भिजली, मजा आली. परत आणून शेडमध्ये लावली. पंपाच्या पोटाखाली एक छोटी पितळी तोटी असते पाणी काढायची, ती मी उघडली, दोन थेंब आले, म्हटलं झालं रिकामं. वास्तविक तोटीत गाळ अडकला होता, तार घालायला पाहिजे होती. मी कोल्हापूरचा माणूस, आमच्याकडं थंडीत पंप फुटतो हे कुणी ऐकलंय? त्या वर्षीचा डिसेंबर इथल्या १९१० पासूनच्या नोंदींतला सगळ्यात थंड निघाला. मार्चमध्ये पंप लावला तर खालच्या अंगाला केसाएवढी रेघ आणि तिच्यातनं बारीक धार. वेल्डिंगवाल्यानं हात वर केले, शेवटी भंगारात निघालेल्या दुसऱ्या गाडीचा पंप आणून बसवला, पार्टनर सहा महिने बोलत नव्हता. तेव्हा तू गेलास की गाडीखाली झोप, टॉर्च आणि छोटा आरसा घे, पंपाच्या पोटावरनं बोट फिरव. ताजा रंग फक्त तेवढ्याच भागाला मारलेला दिसला तर खिशातनं चाकू काढून (विचारून!) जरासा खरवडून बघ.

ओली टेस्ट करताना आणखी एक लक्षात ठेव. गाडी उभी असताना रेडिएटरला पळतीचा वारा मिळत नाही, म्हणून अशा बंबांमध्ये पंपाच्याच पाण्याचा थोडा भाग फिरवून इंजिन गार ठेवतात. ती बारीक लाइन वर्षानुवर्षं वापरली नाही की गाळानं चोंदते. पाच मिनिटं पंप चालवून काही कळत नाही, वीस मिनिटं चालव आणि टेंपरेचरचा काटा बघ.

इंजिनचं मला फार टेन्शन नाही. बेडफर्डचं ४.९ लिटरचं सहा सिलिंडर पेट्रोल, ११० हॉर्सपॉवर, साधं, दणकट. तेच इंजिन, तीच चासी लष्कराच्या आरएल ट्रकला होती त्यामुळं पार्ट मिळतात, आणि बेडफर्ड आपल्याला काही परकी नाही, हिंदुस्तान मोटर्स आपल्याकडं बेडफर्डचे ट्रक बनवायची, जुन्या ड्रायव्हर लोकांना विचार. फक्त एक कर, म्हाताऱ्याला आदल्या दिवशी फोन करून सांग की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. इंजिन केबिनमध्येच दोन सीटच्या मधे झाकणाखाली असतं, गेल्या गेल्या त्या झाकणावर हात ठेव. कोमट लागलं तर "बटन दाबलं की चालू" यातलं बटन कितव्यांदा दाबलंय ते विचार. थंड इंजिन चालू होताना काय आवाज करतं, धूर कसला येतो, ऑइलचं प्रेशर किती वेळात वर येतं, सगळं त्या पहिल्या मिनिटात कळतं.

पेट्रोलचं मात्र बघ. २०२१ च्या सप्टेंबरपासून इथलं साधं पेट्रोल ई-टेन झालं, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल, आणि ते जुन्या रबरी नळ्या, इंजिनला पेट्रोल देणाऱ्या पंपाचे रबरी पडदे खातं, वर पाणी धरून टाकीला गंज आणतं. या गाडीला महागातलं सुपर, ई-फाइव्ह, तेच घालायचं, आणि नळ्या सरळ नव्या टाकायच्या. गॅलनला सात-आठ मैल देते, त्यामुळं लिंकनशरहून लेस्टरला आणतानाच तुम्हा चौघांची मैत्री किती पक्की ते कळेल. वाटेत घाई करू नका, ६५-७० किलोमीटरच्या वर ती आरडाओरडा करते आणि स्टिअरिंगला पॉवर बिवर काही नाही, राउंडअबाउटवर हाताचे दंड दुखायला लागतात.

ब्रेक स्वतः तपासायचा प्रयत्न करू नकोस, त्या ड्रममध्ये जुन्या लायनिंगचा ॲस्बेस्टॉस असू शकतो, एअरनं फुंकर मारणं तर अजिबात नको. टायर बघ पण, वरनं नक्षी नवीकोरी दिसणार कारण गाडी पळालीच नाही, साइडच्या भिंतीवरच्या बारीक चिरा बघ. आणि चाक खोलायची हौस नको, त्या काळच्या लष्करी ट्रकांच्या रिमा बऱ्याचदा दोन-तीन तुकडे जोडून केलेल्या असतात, हवा भरलेली असताना चुकीचे नट सोडले की तुकडा तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. माणसं मेलीत यात, अतिशयोक्ती करत नाहीये. पिंजरा असलेल्या टायरवाल्याकडंच जायचं.

सामान काय काय येणार ते लिहून घे. छपरावरची शिडी, सक्शनचे कडक पाइप, त्यांची जाळी, स्टँडपाइप (रस्त्याखालच्या पाण्याच्या लाइनीला जोडायचा), पितळी नोझल, घंटा. फोटोत डाव्या बाजूचं लॉकर उघडं आहे त्यात मला दोनच सक्शन पाइप दिसतायत आणि जाळी दिसत नाही. लोक असं सामान सुटं सुटं विकतात, पितळ तर दिवाणखान्यात ठेवायला घेऊन जातात, आणि मग बंब उरतो नावाला. शिडीवर चढू मात्र नका, ती शोभेची समजायची.

कागदपत्रांचं तसं सोपं आहे. व्ही-फाइव्ह-सी, म्हणजे इथलं गाडीच्या नोंदणीचं पुस्तक, त्याच्या नावावर आहे का आणि त्यात हिस्टॉरिक लिहिलंय का ते बघ, चाळीस वर्षांच्या वरच्या गाडीला इथं रोड टॅक्स शून्य, पण शून्याचा का असेना दरवर्षी भरावा लागतो. अशा गाडीला वार्षिक टेस्ट पण माफ आहे, तरी रस्त्यावर काढण्यालायक ठेवायची जबाबदारी तुझीच. लायसन्सचं म्हणशील तर १९६० च्या आधी बनलेली माल नेणारी गाडी रिकामी चालवायची असेल तर साध्या कारच्या लायसन्सवर चालते, हीच ग्रीन गॉडेसची मोठी सोय. पण रिकामी म्हणजे रिकामी. ३०० गॅलन पाणी म्हणजे जवळजवळ १,३६० किलो, ते भरून रस्त्यावर निघायचं नाही, नियम राहू दे बाजूला, वळणावर ते पाणी असं हेलकावतं की गाडी तुला चालवते. तुमच्यातला जो नवीन आलाय आणि अजून भारतीय लायसन्सवर चालवतोय त्याला हिच्या स्टिअरिंगला हात लावू देऊ नका, आधी इथलं काढू दे.

मग मिरवणूक. कल्पना झकास आहे, लाल बंबावर सगळेच बसवतात, हिरव्या बंबावर गणपती मी तरी बघितला नाही. पण मूर्ती, स्पीकर, ढोल आणि वर दहा पोरं चढवली की ती गाडी रिकामी कुठं राहिली? म्हणजे ज्या सवलतीच्या जोरावर तू कारच्या लायसन्सवर चालवणार तीच गेली. माझं ऐक, मूर्ती वेगळ्या ट्रेलरवर वेगळ्या गाडीमागं, बंब रिकामा पुढं शोभेला, आत सीट आहेत तेवढीच माणसं, छपरावर आणि मागच्या पायरीवर कोणी नाही. आणि मिरवणुकीत काढणार हे विमावाल्याला लेखी कळवून त्याचं उत्तर लेखीच घ्यायचं, फोनवरच्या "नो प्रॉब्लेम"ला काही अर्थ नाही. निळा दिवा असेल तर काढून टाक नाहीतर नीट झाकून टाक, खासगी गाडीवर निळा दिवा चालत नाही, बंद असला तरी. घंटा पण रस्त्यावर नको. पोरं ऐकणार नाहीत, म्हणून घंटेचा लोलकच काढून घरी ठेव.

साताऱ्याचं विसर. वाईट वाटेल पण स्पष्टच सांगतो. आपल्याकडं २०२१ ला व्हिंटेज गाड्यांचा नवा नियम आला, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हीए अक्षरांची वेगळी नंबर प्लेट, नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी, सगळं छान, पण तो लागू आहे दुचाक्यांना आणि एम-वन गटातल्या चारचाक्यांना, म्हणजे माणसं नेणाऱ्या कारना. बंब त्यात बसत नाही. जहाजाचं भाडं, कस्टम भरून नेलीस तरी ती गावच्या यात्रेत ट्रॅक्टरनं ओढत न्यावी लागेल. जुना बंब भारतात चालताना बघायचाच असेल तर दिल्लीच्या रेल म्युझियममध्ये १९१४ चा जॉन मॉरिस आहे, मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डला बनलेला, निजामाच्या रेल्वेचा, भरीव रबरी टायरचा, आणि तो अजून रॅलीला निघतो. तिकीट काढून तो बघून ये, स्वस्तात पडेल.

आणि तू विचारलं नाहीस पण सगळ्यात मोठा प्रश्न तोच आहे, ठेवणार कुठं? फोटोत तिच्या मागं म्हाताऱ्याचं धान्याचं शेड दिसतंय, तसं शेड तुझ्याकडं आहे का? घराच्या ड्राइव्हवेवर आठ-नऊ टन उभे केलेस तर फरशा तर फुटतीलच, शेजारी कौन्सिलला पत्र लिहील ते वेगळं. कोरडं शेड, थंडीत न गोठणारं, लेस्टरच्या आसपास महिन्याला काय भाड्यानं मिळतंय ते आधी विचार आणि त्याला बारानं गुण, मग चौघांत भाग. माझ्या बघण्यात तिथंच निम्मे बेत मोडतात, आणि माझ्या मते म्हातारा पण त्याच पायी विकत असणार, मुलाला शेड हवं असेल. ते खरं असेल तर भावात तुझा हात वर आहे, गाडी लवकर हलावी ही त्याची गरज.

भावाचं माझं गणित असं. व्हॅक्यूम धरला, कवच कोरडं, सामान पुरं, तर ५,५०० पर्यंत जायला हरकत नाही, बाकी हजार नळ्या, ब्रेक, टायरला लागतीलच आणि जास्तच लागतील. व्हॅक्यूम ग्लँडमधनं जात असेल तर ४,५००. जाळी आणि उरलेले सक्शन पाइप नसतील तर त्याचे आणखी तीन-चारशे कमी कर, कारण ते शोधायला तुला फायर सर्व्हिस प्रिझर्वेशन ग्रुपच्या लोकांच्या मागं लागावं लागेल, माणसं चांगली आहेत, मदत करतात, पण पाइप काही झाडाला लागत नाहीत. पंप चालवून दाखवायलाच नाही म्हणाला तर ती बंब नाही, मोठी हिरवी शेड समज आणि त्या हिशोबानं बोल.

येत्या शनिवारी मी मोकळा आहे, सकाळी सातला निघालो तर दहापर्यंत पोचू. व्हॅक्यूमचं माझं घड्याळ मी आणतो, त्याच्या गाडीवरचं खरं सांगतंय का हे पण कळेल. तू टॉर्च, आरसा, जुने कपडे आणि तोटीत घालायला जाडसर तार आण. आणि म्हाताऱ्याला शुक्रवारी फोन कर, गाडी चालू करू नका म्हणून.